वर्षावासाआधीची आवृत्ती

सासूबाईंची पांढरी साडी निळीच्या बादलीत बुडवून झाली होती, पिळायची तेवढी राहिली होती, अन् उर्वशी पदराला हात पुसत मोबाइलवर बोलत होती. पलीकडे नेरचा संघदीप. दोघांनी मिळून ‘सोबत’ नावाचं सॉफ्टवेअर केलं होतं. ज्यांना दिसत नाही त्यांच्या कानात ते पुस्तकातली एकेक ओळ वाचतं. कोणीही फुकट घ्यावं, आतून उघडून पाहावं, जमलं तर सुधारावं, असं ते सगळ्यांसाठी मोकळं ठेवलेलं. पुसदला शिकलेलं कॉम्प्युटर लग्नानंतर असं कामी येईल, हे उर्वशीच्या ध्यानीमनी नव्हतं.

सुरुवात झाली ती सासूबाईंमुळे, पंचफुलाबाईंमुळे. दिग्रसच्या त्यांच्या वस्तीतल्या विहारात पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. घरोघरची पाळी असते. काचबिंदूनं डोळे गेले तेव्हापासून पंचफुलाबाई आपल्या घरच्या पाळीलाही मागे भिंतीला टेकून बसत. तक्रार नाही. घरी आल्यावर फक्त म्हणत, “आज लय घाईत वाचलं.”

यंदा उर्वशीनं ठरवलं होतं, आषाढ पौर्णिमेला वाचन सुरू व्हायच्या आत नवी आवृत्ती काढायची. कानात ओळ यावी, सासूबाईंनी ती मोठ्यानं म्हणावी, बटन दाबलं की पुढची यावी. बस, एवढंच. पण मधे अधिक महिना आला, पौर्णिमा लांबली आणि हाती आलेल्या वेळानं तिला भुलवलं. ‘सोबत’ वापरणाऱ्यांपैकी कुणाला आवाज निवडायचा होता, कुणाला वाचलेलं साठवून ठेवायचं होतं. ती सगळ्यांना हो म्हणत गेली. संघदीपनं तर बटनाचीच गरज संपवली. माणूस ओळ म्हणून थांबला, की पुढची आपोआप.

घरी झकास चाललं. काल विहारात करून पाहिलं, तर पहिला उतारा संपताच रिवाजाप्रमाणे बायका “साधू, साधू, साधू” म्हणाल्या. ‘सोबत’ला वाटलं पंचफुलाबाईच बोलल्या, ते ओळींमागून ओळी पळत सुटलं. त्यात शेजारी बसलेल्या सोनीबाईंना ठसका लागला. सासूबाईंनी शांतपणे इअरफोन काढला आणि मागे भिंतीशी जाऊन बसल्या. घडलं ते उर्वशीनं रात्रीच संघदीपला कळवलं होतं, काढून टाक एवढं मात्र म्हणवलं नव्हतं.

“संघदीप, तुझं ते आपोआपचं या खेपेला काढावं लागते,” उर्वशी म्हणाली. “कसं सांगावं तुले, तेच समजून नाही राह्यलं.”

“सांगून तर टाकलं ताई.” तो हसला. “आता सोनीबाईच्या ठसक्याले औषध शोधण्यापरीस माहं काम मागं घेतलेलं बरं.”

“राग आला असन.”

“रात्री आला ना. काहून नाही येणार? म्हणून निजून गेलो, अन् सकाळी उठल्याबरोबर काढून ठेवलं. आवाज निवडायचंही दिवाळीनंतर पाहू. पौर्णिमेले फक्त ओळ अन् बटन. माय यंदाही भिंतीले टेकून बसली, तर आपण हे केलं कायले?”

इतका जीव लावून केलेलं काम पोरानं आपल्याच हातानं बाजूला ठेवलं होतं, तेही उर्वशीनं तोंड उघडायच्या आधी. अशी माणसं वाट्याला आली, म्हणून तिनं मनोमन तथागतांना वंदन केलं. मग बाकीच्यांना कळवलं, तुमचं मागणं पुढच्या आवृत्तीत. ती घाबरत होती, पण कुणी वाकडं बोललं नाही. नाशिकच्या एका गुरुजींनी लिहिलं, “आधी आईंचं होऊ द्या.”

संघदीपनं धाडलेलं तिनं मोबाइलवर चढवलं आणि सासूबाईंच्या हाती दिलं. बादलीशेजारी पाटावर बसून पंचफुलाबाईंनी पान दीड पान वाचलं. उर्वशी मुद्दाम खोकली, मुद्दाम साधू म्हणाली. ओळ जागची हलली नाही.

“कितीक खोकशीन?” सासूबाई म्हणाल्या. “चांगलं चालून राह्यलं. फक्त हे वायरवरचं बटन लय बारीक हाय, अंगठ्याले सापडत नाही.”

उर्वशीनं साडी पिळून दोरीवर टाकली आणि पायात चपला घातल्या. बाजारातून मोठ्या बटनाचा इअरफोन आणायचा होता.