उपाशी ठेवलेल्या पेशी

सोलापुरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी काय करते, हे सांगायला सोपं आहे. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी वाढवायच्या आणि त्यांना काय खायला घातलं की त्या कशा वागतात, ते लिहून ठेवायचं. पेशी चपट्या डबीत असतात आणि डबी एका उबदार कपाटात. एक दिवसाआड त्यांचं गुलाबी पाणी, म्हणजे त्यांचं खाणं, बदलावं लागतं. रविवार, दिवाळी, घरचं लग्न, त्यांना कशाचं काही नसतं. एवढे लाड मी दुसऱ्या कुणाचे केलेले नाहीत.

जनुकांवर बारीक रासायनिक खुणा बसतात. जनुक तेच राहतं, पण खूण बसली की बहुधा गप्प होतं आणि निघाली की पुन्हा कामाला लागतं. या खुणांचा कच्चा माल शरीर अन्नातून घेतं. पालेभाजी आणि डाळींमधलं फोलेट हा त्यातलाच एक. वाढीला आवर घालणारं जनुक गप्प झालं, तर पेशी मोकाट सुटतात. मग खाणं बदलून त्याला पुन्हा कामाला लावता येईल का? डबीत कधी कधी येतं. माणसात काय होईल, ते अजून कुणालाच नीट माहीत नाही. हे शेवटचं वाक्य मी अहवालात न चुकता लिहिते. घरी बोलताना ते गळून जातं.

मावशी मंगळवेढ्याहून आमच्याकडे राहायला आली ती केमोसाठी. तिच्या स्तनात गाठ होती. आधी केमोनं ती लहान करायची, मग ऑपरेशन, असं डॉक्टरांनी ठरवलं होतं. पहिला डोस तिनं बरा सोसला. आल्या आल्या स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि माझ्या भाकरीला नावं ठेवली.

एका संध्याकाळी मी फोनवर सहकाऱ्याला सांगत होते, पेशी उपाशी ठेवल्यात, परवापर्यंत वाढायच्या नाहीत. हा आमचा रोजचा शब्द. पाण्यातलं पोषण काढून घेतलं की आम्ही तसंच म्हणतो. मावशीनं भाकरी थापता थापता विचारलं, कुणाला उपाशी ठेवलंस? घरात माझ्या कामाबद्दल विचारणारं पहिलंच माणूस. मी खुलले. कॅन्सरच्या पेशींना, म्हणाले.

"आन् खायाला न्हाय दिलं की?"

"वाढायच्या थांबतात."

तिनं मान हलवली आणि भाकरी तव्यावर टाकली. मावशीला किती चटकन कळलं, याचं मला कौतुक वाटलं.

तिसऱ्या डोसाच्या दिवशी तिचं वजन केलं तेव्हा काटा बराच खाली आला होता. रक्तही कमी भरलं. डॉक्टर म्हणाले, आज औषध देता येणार नाही, हिच्या अंगात ते सोसायची ताकद नाही. काय खाते, असं त्यांनी मला विचारलं. मी ठसक्यात सांगितलं, दोन्ही वेळा जेवते, स्वतः करून. तोवर मी हेच समजत होते. आमची पानं वाढून झाली की ती म्हणायची, तुमी जेवा, मी मागनं बसते.

घरी येऊन मी फळीवरचा पत्र्याचा डबा उघडला. तो काठोकाठ कडक भाकरीनं भरलेला होता. आमच्याकडे कडक भाकरीचं नवल नाही. पातळ थापून, खडखडीत वाळवून ठेवली की महिनाभर टिकते. पण एवढी आमच्या घरी कुणी केली नव्हती. मावशी रोज आपल्या वाट्याची भाकरी पातळ थापून डब्यात ठेवत होती.

मी विचारलं तेव्हा ती जराही गडबडली नाही.

"टाकून कसं द्यायचं? गाठ मेली की खाईन की."

मला तिचा राग आला. त्याहून जास्त माझा आला. मी तिला समोर बसवून सांगितलं, की डबीत नुसत्या पेशी असतात, त्यांच्याभोवती माणूस नसतं. तुझ्या पोटात अन्न गेलं नाही तर आधी तू वाळशील. गाठ तुझ्या अंगातून तिला हवं ते ओढून घेईल. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मग तू रोज तितं काय करतीस?" तिनं विचारलं.

प्रश्न खोचक नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. अहवालातलं शेवटचं वाक्य मी त्या दिवशी तिला पहिल्यांदा सांगितलं: अजून नीट माहीत नाही, मावशी.

ती जेवायला लागली. माझ्यासमोर बसून, डाळ, मेथी, शेंगाचटणी, सगळं. पुढच्या खेपेला काटा वर सरकला आणि राहिलेला डोस मिळाला. पण पहिला घास हातात धरून ती अजूनही विचारते, यातलं तिला किती जातंय गं? तिला म्हणजे गाठीला. मी आता खोटं बोलत नाही. थोडं जातंच, म्हणते. मग ती औषध घ्यावं तसा तो घास गिळते. तिच्या जेवणातली गोडी गेली, आणि ती केमोनं नेलेली नाही.