पंपाने नेमकं काय सांगावं

लाटंबार्शे गावी सासूबाईंच्या मिरचीच्या मळ्यासाठी मी एक छोटा प्रोग्राम लिहून दिला. बटणं, चित्रं काढायचा मला कंटाळा. म्हणून माझा जुना लॅपटॉप, काळा पडदा, त्यावर 'पाणी' असं टाइप करून एंटर. व्हाळावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, पंप घरबसल्या चालू.

पडद्यावर काय उमटावं, यात मात्र मी जीव ओतला. मी अबोल माणूस. तोंडाने न जमणारा सगळा गोडवा त्या ओळींत घातला. "झकास! पाणी सुटलं! आता निवांत चहा घ्या, मांय!"

सासूबाई खूश. "जावय तोंडान बोलणा नाय, पेटयेतसून मात्र काय गोड बोलता!"

मग रोपं माना टाकू लागली. पडदा तर रोज पाणी सुटलं म्हणत होता. म्हणजे दोष घरातल्याच कुणाचा तरी. सासूबाईंनी सासऱ्यांना धरलं, "तुमीच पाइपाचो वॉल बंद केल्यात! माडांक पाणी वळवूक!" सासरे रुसले. सासूबाई समोर असताना मला सांगायचे, "हिका सांग, माका पेज होयी."

मी व्हाळावर जाऊन पाहिलं, तेव्हा खरं काय ते मला कळलं. पंपाच्या स्टार्टरमध्ये मुंग्यांनी घर केलं होतं. पंप सुरूच होत नव्हता. माझा प्रोग्राम हुकूम सोडायचा आणि उत्तराची वाट न बघता झकास म्हणायचा. मी मुंग्या झाडल्या, रोपांना पाणी मिळालं, आणि गप्प बसलो. जावयाचा मान, दुसरं काय! सासऱ्यांवरचा आळ तसाच राहिला.

एकदा जेवताना सासूबाई म्हणाल्या, "सोमवारी देवळात प्रसाद लावतंय. वॉल हेंनीच बंद केलो काय, देवच सांगात."

मूर्तीला लावलेली पाकळी उजवीकडे पडली तर हो, डावीकडे पडली तर नाही. मी हातातला घास ताटात ठेवला.

"नका लावू, मांय. वॉल कुणीच बंद केला नाही. प्रोग्रामने थाप मारली. म्हणजे मीच." आणि मुंग्यांपासून सगळं सांगितलं.

बायको हसत सुटली. सासूबाई हसल्या नाहीत. "पुता, देव कधी झकास म्हणता? उजवी, नाय तर डावी. पडली नाय तर थांबायचा. आणि चाय माझी मी घेतंय!"

त्याच दुपारी मी जुन्या ओळी पुसल्या. 'पंप चालू आहे.' 'पंप चालू झाला नाही.' 'पंपाकडून उत्तर आलं नाही.' लिहिताना हात आखडत होता, इतक्या त्या कोरड्या. पण आता त्या खऱ्या होत्या.

सासरे मागे येऊन उभे राहिले. "आणि वॉलाचा काय?"

"वॉलाचं त्याला कळत नाही, मामा."

"मगे कळूक नको?"

वॉलाला सेन्सर बसवला. चौथी ओळ आली: 'वॉल उघडा आहे.' ती सासूबाईंनी रोज मोठ्याने वाचायची, असा सासऱ्यांचा हट्ट. त्या नाक मुरडून वाचतात.

"परत वाच गो," सासरे म्हणतात, "माका ऐकाक कमी येता."