साक्षीतून गाळलेल्या गोळ्या

"ताई, इतक्या वर्षांच्या सेवेत प्रभूने तुमच्यासाठी सगळ्यात मोठं काय केलं?" असं कोणी विचारलं की मी विषय बदलते. विचारणाऱ्याला आवडेल असं उत्तर माझ्याजवळ नाही. मेलेलं कोणी उठलं नाही, आंधळ्याला दिसलं नाही. मला त्याने भरल्या मांडवात, हात धुवायच्या पिंपाजवळ, उघडं पाडलं. तोच त्याचा माझ्यावरचा सगळ्यात मोठा उपकार, हे मानायला मला कितीतरी वर्षं लागली. अजूनही एखाद्या सकाळी मन ते मानत नाही, आणि त्या दिवशी माझ्याशी कोणी बोलायला येऊ नये हे बरं.

मी अकोल्याची. आमचं घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती, मंडळीतलं, आणि मी लहानपणापासून बोलण्यात पटाईत. रविवारच्या शाळेत पाठांतर म्हणायला पाळकसाहेब मलाच उभं करायचे आणि मलाही उभं राहायला फार आवडायचं. चोविसाव्या वर्षी मला टीबी झाला. ताट वेगळं, पेला वेगळा, खोलीचं दार लोटलेलं. आई रोज सकाळी गोळ्या हातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी मंडळीतल्या दोन बायका आल्या, दाराशी उभं राहून प्रार्थना केली, आणि त्याच संध्याकाळी महिनाभर न उतरलेला ताप उतरला. कपाळावर कोणीतरी हात ठेवल्यासारखं वाटलं. आई तेव्हा चुलीपाशी होती. तो हात कोणाचा, याबद्दल मी तेव्हाही वाद घातला नाही आणि आजही घालणार नाही. मी तेव्हा मनात म्हणाले, उठले तर हे आयुष्य तुझं. सहा महिने गोळ्या पूर्ण झाल्या, मी उठले आणि सेवेत आले. यातला शब्द न् शब्द खरा आहे.

आमच्यात असं घडलं की चारचौघांत उभं राहून ते सांगतात. त्याला साक्ष म्हणतात. पहिल्यांदा साक्ष दिली तेव्हा मी सगळं सांगितलं, आईचं, गोळ्यांचं, दवाखान्याच्या रांगेचंसुद्धा. लोक जांभया देत होते. नंतर एका सभेत वेळ कमी होता, पाच मिनिटांत आटपा म्हणाले, म्हणून मी रांग गाळली. पुढच्या सभेत आई गाळली. मग गोळ्या. गोळ्या गळाल्या त्या दिवशी मांडवातून असं "आमेन" उठलं की माझ्या अंगावर काटा आला. त्यानंतर मी त्या परत कशाला घालते? गोळ्या खाल्ल्या नाहीत, असं मी कधीच म्हटलं नाही. खाल्ल्या, एवढं म्हणायचं फक्त सोडलं. खोटं न बोलता खोटं कसं सांगावं, हे मी प्रभूच्या घरात उभी राहून शिकले.

पुढे मला नांदगाव खंडेश्वरला पाठवलं. वेल्डिंगच्या दुकानामागे टिनाची एक खोली आणि चौदा-पंधरा माणसांची मंडळी. बाहेर ग्राइंडर सुरू झालं की माझं प्रवचन मलाच ऐकू यायचं नाही. उन्हाळ्यात टिन असं तापायचं की गाणी दोनवर आणावी लागायची. माझे गुडघे धरले होते. घरोघरी गेले की काही बाया दाराआडूनच "घरी कोनी नाई" म्हणायच्या. या सगळ्याला मी परीक्षा म्हणत होते आणि आपण किती सोसतो आहोत याचा मला छानपैकी अभिमान होता. खरी परीक्षा शिलाई मशीनवर बसून ब्लाउजला हुक लावत होती, ते मला कळलं नाही.

तिला मी सुलभा म्हणेन. वय तिशीच्या आतबाहेर. माहेर मंडळीतलं, सासर नाही. नवरा परतवाड्याकडे जीप चालवायचा, घरी आठवड्यातून एकदा यायचा. घरात ती आणि सासू. तिचा खोकला मी ओळखला, कारण तो माझा जुना सोबती. मीच तिला सरकारी दवाखान्यात नेलं, मीच तपासणी करवली, गोळ्या मीच सुरू करून दिल्या. दोन महिन्यांत तिच्या गालावर रंग आला. आणि त्याच सुमारास उपास-प्रार्थनेच्या एका शुक्रवारी मी आमच्या टिनाच्या खोलीत माझी साक्ष दिली. सवयीने दिली. समोर सुलभा बसली आहे, हे मला दिसत होतं.

पंधरा दिवसांनी ती आपणहून म्हणाली, "ताई, मी गोळ्या बंद केल्या."

"काहून?"

"तुमची साक्ष आयकली त्याच दिवशी सोडल्या. खोकला नाई, ताप नाई. तुमाले प्रभूनं बरं केलं, तं मले काहून नाई करनार?"

तिचा चेहरा उजळलेला होता. मी म्हणाले, "अवो, असं नको करू. गोळ्या पुऱ्या कर बाप्पा." ती हसली. "तुमी माहा विश्वास पाहून राहिल्या. मले समजते." खोलीत आणखी दोघी बायका चटया गुंडाळत होत्या. मीही खाल्ल्या होत्या, हे एवढंच वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. त्या दोघींकडे पाहून मी ते गिळलं आणि भलतंच काहीतरी बोलले, की डॉक्टरांनाही बुद्धी प्रभूच देतो. त्यावर ती म्हणाली, "ज्याइचा विश्वास कमी, त्याइच्यासाठी डॉक्टर. तुमीच म्हनलं होतं ना." म्हटलं असेन. बोलण्याच्या भरात मी पुष्कळ काही म्हणत असे.

दहा दिवसांनी अमरावतीला बायकांचं संमेलन होतं आणि तिथे साक्ष माझी होती. मी मनाशी ठरवलं, संमेलन होऊन जाऊ दे, मग सुलभाला एकटीला बसवून खरं सांगू. दहा दिवसांनी काय होतं? आजही कोणी मला पापाबद्दल विचारलं तर चोरी आणि व्यभिचार मला आठवत नाहीत. भाजी निवडता निवडता मी हे ठरवलं, ते आठवतं.

संमेलनाला सुलभा माझ्यासोबत एसटीने आली, नवी साडी नेसून. मांडव भरलेला होता. मी उभी राहिले, आणि तिसऱ्या रांगेतून ती माझ्याकडे पाहत असताना मी तीच साक्ष दिली, तशीच, गाळून. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं जमलं. बायका रडल्या. मग सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी विचारलं, आणखी कोणाला प्रभूची साक्ष द्यायची आहे का? सुलभा उठली. सासरी कधी मोठ्याने न बोललेली बाई माइकसमोर गेली आणि म्हणाली, "आमच्या ताईची साक्ष आयकून मीबी टीबीच्या गोळ्या सोडल्या. आता मले काईच नाई." मांडवाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

जेवणं झाल्यावर मी हात धुवायला पिंपाशी गेले. तिथे एक म्हातारी बाई हातावर पाणी घालत होती, हिवरखेडकडची. मी तिला आधी पाहिलं नव्हतं, नंतरही कधी दिसली नाही. माझ्या हातावर पाणी घालता घालता ती अगदी सहज म्हणाली, "बाई, त्या गोळ्या सुरू झाल्या का लघवी लाल व्हाये. माही पोरगी लय भ्याली होती. तुमाले झालती का?"

"झालती," मी म्हणाले.

तोंडातून निघून गेलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हातारीने पाणी घालणं थांबवलं नाही, आश्चर्यही दाखवलं नाही. "मंग सांगतलं काहून नाई?" ती म्हणाली. "माह्या पोरीनं अर्ध्यात सोडल्या. बरं वाटते म्हने. गेली ते." मग तिने तांब्या पिंपात बुडवला. "ते मघाची पोरगी, नव्या साडीची, तिले तरी सांगजा." एवढं बोलून ती पुढच्या बाईच्या हातावर पाणी घालू लागली. मी बाजूला सरकले, कारण मागे रांग होती. ती देवाने पाठवली होती का, हे मी कोणाला पटवायला जाणार नाही. मला एवढंच माहीत आहे की पाळकसाहेबांनी विचारलं असतं तर मी सावरून घेतलं असतं. त्या बाईने लघवीचं विचारलं, आणि त्यावर सजवून बोलता येत नाही.

परतीच्या एसटीत मी सुलभाला सांगितलं. गोळ्या खाल्ल्या, सहा महिने खाल्ल्या, आई समोर बसून गिळायला लावायची. तिने मान हलवली. "मी गोळ्या खावाव्या म्हनून तुमी खोटं बोलून राहिल्या." मी काय पुरावा देणार? शेवटी तिच्या कानाशी वाकून म्हणाले, पहिल्या दिवशी मी संडासातून ओरडत बाहेर आले होते, आईला म्हणाले, रक्त पडतंय. तिची नजर बदलली. ती भीती गोळ्या खाल्लेल्या बाईलाच ठाऊक असते. तीही तशीच धावत सासूकडे गेली होती. नांदगाव यायला अजून अर्धा तास होता. ती खिडकीकडे तोंड करून बसली आणि उतरताना एवढंच म्हणाली, "मंग मी थ्या मांडवात उभी राहून काय बोलली, ताई?"

पुढच्या रविवारी मी मंडळीसमोर सगळं सांगितलं. जांभई कोणी दिली नाही. दोन घरं त्यानंतर यायची बंद झाली, आणि पुढच्या संमेलनाचं बोलावणं मला आलं नाही. हे सगळं सोसण्यासारखं होतं. सुलभाने गोळ्या परत सुरू केल्या, पण तीन महिन्यांत खोकला परतला आणि साध्या गोळ्यांना दाद देईना. मग मोठं औषध लागलं, जवळजवळ दोन वर्षांचं, आणि काही महिने रोज इंजेक्शन. जीव वाचला. कान गेले. त्या औषधाने असं होऊ शकतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, पण दुसरा रस्ताही नव्हता. सासू मला दारातच म्हणाली, "तुया तोंडानं माह्या सुनेचे कान खाल्ले." ते बरोबरच होतं.

रोज सकाळी रुग्णाने गोळ्या गिळल्या की नाही ते पाहायला कोणीतरी माणूस लागतं. मी दवाखान्यात जाऊन माझं नाव दिलं. तीन दिवस तिने मला दारात उभं ठेवलं, चौथ्या दिवशी आत घेतलं. पहिले कितीतरी महिने आमच्यात एक शब्द नव्हता. मी जायची, ती गिळायची, मी यायची. सेवा म्हणजे बोलणं, अशी माझी समजूत होती. प्रभूने ती मोडली आणि मोडताना दुसऱ्या एका बाईचं शरीर मोडलं, याचा राग मला त्याच्यावर होता. तो मी त्याच्यापासून लपवला नाही. समर्पण म्हणजे आपलं आयुष्य त्याला देणं, असं मी शेकडो वेळा शिकवलं असेल. आयुष्य दिलं होतंच की मी. स्वतःची गोष्ट मात्र स्वतःजवळ ठेवली होती, आणि ती आयुष्यापेक्षाही जपून ठेवली होती.

औषधाचं दुसरं वर्ष लागलं होतं. एका सकाळी सुलभाने गोळ्या गिळल्या, पेला खाली ठेवला आणि ऐकू येईनासं झाल्यापासून बोलायची तशा मोठ्या आवाजात म्हणाली, "ताई, प्रार्थना करा." दीड वर्षात तिने हे एकदाही म्हटलं नव्हतं. मी घाईघाईने डोळे मिटले आणि सवयीने मांडवातली प्रार्थना सुरू केली, लांब, गोल वाक्यांची. मध्येच डोळे उघडले. तिने मान खाली घालून डोळे घट्ट मिटले होते. तिला माझा आवाज येत नव्हता आणि ओठही दिसत नव्हते. सासू मागे अंगणात होती. माझं सगळं आयुष्य कोणीतरी ऐकत असताना प्रार्थना करण्यात गेलं होतं, आणि आता ऐकायला एकच जण उरला होता. त्याला सांगण्याजोगं एक वाक्य मला सुचेना. मी मशीनशेजारी जमिनीवर बसले. "प्रभू, मी गोळ्या खाल्ल्या होत्या," एवढंच म्हणाले, आणि मग नुसती रडत राहिले.

बऱ्याच वेळाने सुलभाने डोळे उघडले. "झाली?" तिने विचारलं.

मी मान डोलावली.

"आमेन," ती म्हणाली, आणि मशीनवर जाऊन बसली.