पतीच्या नावाचा रकाना

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तेव्हा तो मला उत्तम चालवता येतो, असं माझं मत होतं. हे मत बाळगणारा अख्ख्या वरोऱ्यात मी एकटाच होतो.

गोष्ट दोन हजार सहाच्या आसपासची. माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. जुने भाग जमवून मी घरीच कॉम्प्युटर जोडला आणि एका मासिकासोबत फुकट मिळालेल्या सीडीवरून त्यात लिनक्स टाकलं. सगळं गाव विंडोज वापरत होतं आणि मी लिनक्स! त्यामुळे कॉम्प्युटरचं काही विचारायला माझ्याकडे कोणी फिरकत नसे. लोक आपल्याला दबून आहेत, असा मी त्याचा अर्थ लावला होता.

बायको नसरीन. माझे अब्बा टेलर. त्यांच्या हाताखाली ती शिवण शिकली आणि दोन वर्षांत त्यांच्याच कटिंगमधल्या चुका काढायला लागली. (अब्बा रागावले नाहीत. मला मात्र म्हणाले, "तूने तो आजतक एक काज नहीं बनाया.") पुढे ती घराच्या ओसरीवर मोहल्ल्यातल्या मुलींना शिकवायला लागली. मशीन एक, मुली आठ. तरी तिथून शिकून गेलेली मुलगी कधी उसवलेलं घेऊन परत आली नाही.

एक दिवस चंद्रपूरच्या एका प्रशिक्षण संस्थेची जाहिरात तिनं पाहिली. गडचिरोलीकडच्या जंगलातल्या गावांमधून आलेल्या मुलींना शिवण शिकवायला बाई हवी होती. बारा वर्षांच्या संसारात नसरीननं माझ्याकडे हट्टानं काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी कात्रण माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "अजी, मले हे पाहिजे."

अट एकच होती. अर्ज पीडीएफ होता; तो कॉम्प्युटरवरच भरायचा आणि ईमेलनं पाठवायचा. हातानं भरलेला चालणार नाही.

"कॅफेत भरून येऊ का? तिथी विंडोज हाय," ती म्हणाली.

"घरी कॉम्प्युटर असून कॅफेत? लोक काय म्हणतीन!"

"लोकायले मालूमच नाई आपल्या घरी कॉम्प्युटर हाय म्हणून."

हा वार मी झेलला आणि कामाला बसलो.

फॉर्म उघडला. सुंदर दिसत होता. नावाच्या चौकटीवर क्लिक केलं. काही नाही. दोनदा केलं, चारदा केलं, माऊस उचलून फुंकर मारून केलं. माझा प्रोग्राम फॉर्म दाखवायचा, पण त्यात लिहू द्यायचा नाही!

अब्बा मागे खुर्ची टाकून बसले होते. "मतलब, कपडा दिखाता है, सिलने नहीं देता?"

"अब्बा, दुसरा प्रोग्राम आहे."

दुसरा प्रोग्राम होता खरा. त्यात एका वेगळ्या कागदावर, म्हणजे फाईलीत, कोणत्या चौकटीत काय लिहायचं ते टाइप करायचं, मग काळ्या पडद्यावर एक लांबलचक हुकूम सोडायचा आणि भरलेला फॉर्म तयार! मी हुकूम सोडला. पडद्यानं काही चूक दाखवली नाही. अभिमानानं फॉर्म उघडला. कोरा!

पुन्हा केलं. कोरा. एवढ्यात लोडशेडिंगची वेळ झाली आणि लाईट गेली. लाईट आली, पुन्हा केलं. कोरा! तीन दिवस हेच. पहिल्या दिवशी मी चौकटींमध्ये नसरीनची खरी माहिती टाकत होतो. तिसऱ्या दिवशी माझं डोकं असं तापलं होतं, की इंग्रजी अक्षरांत मनाला येईल ते टाकत सुटलो. तसंही काही दिसतच नव्हतं! कोणाला काय कळणार?

"होऊन राह्यलं का?" नसरीन विचारायची.

"होऊनच राह्यलं!"

शेवटी मला तिसरा प्रोग्राम सापडला. तो चौकटींच्या भानगडीत पडतच नव्हता. सरळ पानाच्या वर अक्षरं चिकटवायचा, थिगळ लावल्यासारखी. मी त्याच कोऱ्या दिसणाऱ्या फॉर्मवर एकेक रकाना चिकटवला. नाव, पत्ता, शिक्षण, अनुभव. सगळं रेघेच्या थोडं वर बसलं, पण दिसलं! नसरीननं स्पेलिंगं तपासली. अब्बांनी चष्मा पुसून स्क्रीनकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याबद्दल "ठीक है" म्हणाले.

पेन ड्राईव्ह घेऊन मी कॅफेत गेलो. (आमच्या घरी इंटरनेट नव्हतं. लिनक्स होतं!) कॅफेवाल्यानं फाईल जोडताना विचारलं, "सलीमभाऊ, एकडाव उघडून पाह्यता का?"

"गरज नाई," मी मान वर करून म्हणालो. "लिनक्सवर केलेलं काम आहे."

महिन्याभरात मुलाखतीला बोलावणं आलं. मी दुकान बंद ठेवून सोबत गेलो. दिवस उन्हाळ्याचे होते, मुलाखतीच्या खोलीचं दार सताड उघडं होतं आणि मी बाहेरच्या बाकावर बसून सगळं ऐकत-पाहत होतो. आत एक साहेब, एक बाई आणि साहेबांच्या हातात नसरीनच्या अर्जाची छापील प्रत.

"नाव?" साहेबांनी विचारलं.

"नसरीन सलीम शेख."

"ते वरती दिसतंय. मग खाली हे 'आता तरी दिस' कोण?"

माझ्या लिनक्सवर जी अक्षरं दिसत नव्हती, ती फॉर्मच्या फाईलीत तशीच बसून होती आणि साहेबांच्या विंडोजवर एकूणएक उमटली होती! वर माझी थिगळं, खाली माझा तिसरा दिवस!

"येणाऱ्या भाषा," साहेब वाचत होते, "मराठी, हिंदी, उर्दू. आणि खाली लिहिलंय, 'एक बी नाई'. अनुभव, दहा वर्षं. खाली 'डोकं फिरलं'." मग त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "आणि पतीचं नाव, सलीम शेख. त्याच्या खाली... गधा?"

मी बस स्टँड नेमका कोणत्या दिशेला आहे ते आठवायला लागलो.

"हे काय आहे, बाई?" साहेबांनी नसरीनला विचारलं.

नसरीनचा आवाज जराही हलला नाही. "सर, फॉर्म आमच्या घरच्यायनं भरला. वर लिवलं ते त्यायचं नाव हाय. खाली लिवलं ते बी काई चुकीचं नाई."

आतली बाई इतक्या जोरात हसली, की शिपाई पाण्याचा पेला घेऊन धावला. साहेबांनी रुमालामागे तोंड लपवलं. माझं तोंड लपवायला बाक फार अरुंद होता.

हसू ओसरल्यावर नसरीन म्हणाली, "माणूस भला हाय, सर. मले पाहिजे म्हणून तीन दिवस जेवाखायचं भान नोयतं त्यायले. फॉर्म बिघडला, ते खरं हाय. पण तुमाले फॉर्म भरणारी पाहिजे का शिवणारी? मशीन द्या, मंग पाहा."

त्यांनी कोपऱ्यातलं मशीन दिलं. ते दोन टाक्यांतच अडकलं. मी बाहेर डोळ्यांवर हात ठेवून बोटांच्या फटीतून पाहू लागलो. नसरीननं केसातली पिन काढली, खालची बॉबिनची डबी उघडली, आत गुंतलेला दोरा अलगद ओढला आणि काम करता करता त्या बाईंना समजावू लागली, "हे पाहा, दोरा इथी असा बसते. नवीन पोरगी घाबरते, मशीनले जोर लावते. पयले तिचं भ्या काढा लागते, मंग दोरा." ती बाई खुर्ची सोडून कधी तिच्याजवळ येऊन उभी राहिली, कळलंच नाही. मशीन सुरळीत चालू झालं. त्या आवाजावर मी डोळ्यांवरचा हात काढला, आणि खरं सांगतो, मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपण एका उस्तादाच्या घरात राहतो.

परतीच्या बसमध्ये भद्रावतीपर्यंत मी खिडकीबाहेरच पाहत होतो.

"काऊन गप बसले?" तिनं विचारलं.

"तू मले सगळ्यायसमोर गधा म्हटलं!"

"मी कुठी म्हटलं? तुमीच लिवलं. मी निस्ती सही केली."

पंधरा दिवसांत नेमणुकीचं पत्र आलं. अब्बांनी ते स्वतः मोहल्लाभर फिरवलं. नसरीन संस्थेत शिवण शिकवता शिकवता तिथल्या कॉम्प्युटरवर बसायलाही शिकली आणि वर्षभरात जंगलातल्या गावांच्या त्या मुलींचे सगळे अर्ज तीच भरू लागली. एकाही अर्जात कोणाचा नवरा गधा निघाला नाही.

माझं दुकान अजून आहे. आता तिथे लोक कॉम्प्युटरचं विचारायला खरोखर येतात. कोणी पीडीएफ फॉर्म घेऊन आलं, की मी चष्मा लावतो, फॉर्म पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत गंभीरपणे न्याहाळतो, दोनदा "हं" म्हणतो आणि सांगतो, "ठेवून जा. मॅडम साडेसहाच्या बसनं येतात."