गाबोळीची जोडी

पोस्टिंग अरुणाचलात होती. नदीकाठची पोस्ट. मी हवालदार, सौंदडचा. माझा बडी नाईक भोजराज, आमगावचा. फौजेत बडी म्हणजे जोडीदार: जेवण, गस्त, शिव्या, सगळं जोडीनं. तलावांच्या मुलुखातली दोन माणसं नदीकाठी ठेवल्यावर हातात गळ यायला किती वेळ लागतो?

पावसाळ्यात मासोळी अंड्यांनी भरते. पोटातून गाबोळीच्या दोन फाका निघतात, जुळ्या बहिणींसारख्या. भोजराज वरच्या पातळ कातडीला नख न लावता त्या धुवायचा, हळद-तिखट-मीठ चोळायचा आणि मंद आचेवर, झाकण ठेवून तळायचा. एक फाक त्याची, एक माझी. बाकीचा मासा सेक्शनला. आम्ही उदार माणसं!

एकदा झाकण सापडेना. गाबोळी तापली की फुटते. तड्! तड्! तड्! पहाऱ्यावरचा संतरी खंदकात आडवा. सुभेदारसाहेब एकाच पायात बूट घालून धावत आले.

"फायर किसने किया?"

भोजराज कडक सावधान. "मछली ने, साब!"

साहेबांनी तव्याकडे पाहिलं. "बाकी ॲम्युनिशन किधर है?"

त्या संध्याकाळी जोडीचे तीन वाटे झाले.

पुढच्या आठवड्यात नदी चढली. पलीकडच्या तुकडीचं रेशन संपत आलं होतं. ऑर्डर आली: रस्सी लावून पार करा. सकाळी सातला निघालो. भोजराज पुढे, पाठीवर पिठाची पिशवी; मी काठावर, माझ्या पाळीची वाट बघत.

"सांभाळून बे," मी म्हणालो.

"पाण्याचं मले कायले सांगून राहिला? बोडीत वाढलो मी."

बोडी म्हणजे आमचं गावतळं. तिथं घसरलेला माणूस हात मारत नाही. पाय खाली सोडतो, गाळ लागतो, उभा राहतो.

मध्यावर एक ओंडका रस्सीवर आदळला. रस्सी तुटली. डाव्या बाजूला खडक होता, चार हात मारले असते तर मिळाला असता. भोजराजनं पाय सोडले. पाण्यात ताठ उभा राहून तो तळ शोधत होता.

"पाय टेकून नाई राहिले रे!"

मी वायरलेस सेट उचलला. "एक जवान पाण्यात. ओव्हर."

"नाम बताओ. ओव्हर."

नाव सांगितलं. मग बटणावरचा अंगठा निघेना.

दुसऱ्या दिवशी तो खाली वळणावर सापडला. आमगावपर्यंत मीच सोबत आलो. सगळं आटोपल्यावर त्याच्या मायनं मला चुलीपाशी बोलावलं.

"पाय सोडले असतीन का रे त्यानं? मीच शिकवलं होतं. घसरला तं घाबरू नको, पाय सोड, म्हनून."

"नाई माय. हात मारले त्यानं. शेवटपर्यंत."

तिनं चुलीत लाकूड सारलं. पुढं दर पावसाळ्यात मी आमगावला जायचो. ती गाबोळी तळायची, एक फाक मला वाढायची आणि तेच विचारायची. मी तेच सांगायचो. दुसरी फाक ताटलीत तशीच थंड व्हायची. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला असता, तर पुन्हा विचारलं नसतं.

गेल्या उन्हाळ्यात माय गेली. म्हणून आज हे लिहितो आहे.

यंदा गाबोळी मीच तळली, घरी. झाकण मुद्दाम ठेवलं नाही. तड्, तड्, तड्. मी सावधान उभा राहिलो. फायर कुणी केला, हे विचारायला कुणी आलं नाही.