आत्या फॉक्सप्रो सोडते

माझ्या आत्याइतक्या हिरिरीने कॉम्प्युटरशी भांडणारं माणूस महाड-पोलादपूर पट्ट्यात दुसरं नसावं. चवदार तळ्याजवळच्या तिच्या घराच्या जिन्यातच तिचा आवाज ऐकू येतो आणि आत कुणाची तरी खरडपट्टी चाललीय असं वाटतं. चाललेली असतेच, पण समोर फक्त पडदा असतो. कॉलेजात तिने आयुष्यभर फॉक्सप्रो शिकवलं. ती भाषा बाकीच्या जगाने केव्हाच सोडली. आत्याच्या मते त्यात चूक जगाची. माझ्या बहिणीला पाहायला आलेल्या मंडळींना तिने बहिणीच्या आधी फॉक्सप्रोचे गुण ऐकवले होते.

या भाषेतला तिचा लाडका प्रोग्रॅम कापड्याच्या भातगिरणीत चालायचा. कापडे हे तिचं सासर. कुणाची पोती आली, कुणाचा नंबर लागला, हे तो सांगायचा आणि चुकलात तर खडसावायचा. हे खडसावणं मात्र आतोबांचं. ते खुर्चीमागे उभं राहून गावच्या बोलीत वाक्यं सांगायचे आणि आत्या नाक मुरडत ती टाइप करायची, तीही इंग्रजी अक्षरांत, कारण त्या यंत्राला मराठी लिपी येत नव्हती. नाव न घालता पुढे गेलं की पडद्यावर यायचं, ‘नाव कोन लिवनार रे?’ वजन अवाच्या सवा टाकलं की, ‘एवढं भात तुला पिकलं कवा?’ आतोबा गेल्यावरही गिरणीत ते असेच ओरडत राहिले.

यंदा तिथला जुना कॉम्प्युटर बंद पडला आणि नव्या कॉम्प्युटरने हा प्रोग्रॅम चालवायला साफ नकार दिला. गिरणीवाला आत्याकडे आला. मुंबईहून तयार प्रोग्रॅम मिळतोय, असं सांगून चाचरत म्हणाला, “फकस्त त्यो बोलत नाय, मॅडम.”

आत्याने त्याला थांबायला सांगितलं आणि सत्तरीला टेकलेली असताना पायथन शिकायला घेतलं. इस्त्रीची साडी नेसून ती व्हिडिओसमोर बसे आणि त्यातल्या तरुण मास्तरचं इंग्रजी सुधारत असे. मला फोन करून तक्रार करी, “ओळीआधीच्या मोकळ्या जागेलासुद्धा म्हणे अर्थ असतो. एवढी मानी भाषा मी सून म्हणूनही आणली नसती.” पहिला प्रोग्रॅम चालला तेव्हा तिने शेजारीपाजारी शिरा वाटला, कशाबद्दल ते कुणालाच कळलं नाही.

मग ती आतोबांच्या वाक्यांपाशी आली आणि अडली. आता ती मराठी लिपीत उतरवता येणार होती, पण इंग्रजी अक्षरांवरून ते ‘कोन’ म्हणायचे की ‘कोण’, ‘झालं’ की ‘झाला’, याची तिला खात्री वाटेना. “मी शुद्ध लिहिलं तर ते यांचं राहत नाही रे,” ती म्हणाली.

म्हणून मी तिला कापड्याला घेऊन गेलो, तिच्या धाकट्या दिरांकडे. त्यांचा आवाज थेट आतोबांसारखा. ते पडवीत बसून एकेक वाक्य म्हणत गेले आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन आत्या टाइप करत गेली. शेवटी भात भरडून निघालेल्या माणसाला निरोप देणारं वाक्य आलं.

“झालं. जपून जा,” दीर म्हणाले.

“परत म्हणा, भावोजी.”

ते परत म्हणाले. आत्याने पुन्हा म्हणायला लावलं. मी वाकून पडद्याकडे पाहिलं. ओळ केव्हाच लिहून झाली होती आणि आत्याचे हात मांडीवर स्वस्थ होते.