बारावी कबर

आखातातल्या अल् खुवैरच्या आमच्या ऑफिसात जनार्दनकाका तीस वर्षं नकाशे काढत होते. सत्तरीला टेकलेले, रेवदंड्याचे जुने कम्युनिस्ट. फुकट चहा दिला तरी आधी मळ्याचा मालक कोण ते विचारणार! हट्टी होते, पण मला आवडायचे.

२०१३ साली खाबुऱ्याजवळच्या एका रस्त्याच्या मोजणीला आम्ही गेलो. आखणीच्या मधोमध काळे उभे दगड होते. गावातला म्हातारा म्हणाला, यहुद्यांच्या कबरी आहेत, कुणाकुणाच्या ते ठाऊक नाही. ठेकेदाराचा माणूस उस्मान आमच्या रायगडचाच. म्हणाला, "काका, मोकळी जागा लिवा नि सही ठोका. खलास!" कबरी लिहिल्या तर रस्ता वळवावा लागणार होता.

काकांनी सकाळी दगड मोजले, अकरा. दुपारी बारा. मीही मोजले, बाराच. वारा पडला होता आणि वाळूवर आमच्याशिवाय कुणाचं पाऊल नव्हतं. काका बाराव्या दगडापाशी उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "शालोम?"

परतताना गाडीत ते बोलले. "शालोम आमच्या पार्टीच्या शाखेत होता. बेने इस्राएल, आपल्या कोकणातले ज्यू; शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. मॉस्कोनं आधी ज्यूंच्या देशाला मत दिलं, मग तोंड फिरवलं. आम्हीही फिरवलं. सदुसष्टच्या लढाईनंतर त्याला म्हटलं, झायोनिझमशी, त्या देशाच्या चळवळीशी, संबंध नाही असं लिहून दे. तो म्हणाला, पॅलेस्टिनींची घरं गेली ते मलाही चूकच वाटतं, पण कागद एकट्या माझ्याकडूनच का? मी सेक्रेटरी. हजेरीतून त्याचं नाव मीच खोडलं. ज्या देशाला त्यानं कधी आपला म्हटलं नव्हतं, तिथंच शेवटी गेला. तिथंच वारला."

मला रागच आला. "आणि तुम्ही इतकी वर्षं गप्प?"

"लाज वाटायची गं, वैशाली."

दुसऱ्या दिवशी काकांनी नकाशावर 'कबरी, बारा' असं लिहून सही केली. उस्मान भडकला. खात्री करायला मी त्याला घेऊन पुन्हा तिथं गेले. चारदा मोजले. अकरा. बारावा दगड होता तिथं वाळू सपाट होती, खड्डासुद्धा नव्हता. उस्मान काहीतरी पुटपुटत गाडीत जाऊन बसला.

मी काकांना म्हटलं, "अकराच आहेत. बारा खोडा."

त्यांनी पेन माझ्यापुढे ठेवलं. "मी एकदा खोडलंय. आता तुला खोडायचं तर खोड."

मी पेनाला हात लावला नाही.